बाहेरच्या थंडीइतकं गरम पाणी

कुवेतमध्ये मी हीटिंगचं काम करायचो, असं सांगितलं की आमच्या चिपळूणच्या बाजूचे लोक आधी हसतात. "वाळवंटात हीटर? मग राजस्थानात होड्या विकायच्या होत्यास की!" असं आमचे एक मेहुणे दर लग्नात म्हणतात. मीही हसतो. पण जानेवारीतली कुवेतची पहाट ज्यानं अंगावर घेतली आहे तो हसणार नाही. पारा चार-पाचावर येतो, वारा उत्तरेकडून येतो आणि त्याला अडवायला मधे झाडसुद्धा नसतं. त्यातून माणूस ऐंशीच्या पुढचा आणि पलंगाला खिळलेला असेल, तर ती थंडी थट्टेची राहत नाही.

रुमैथियाच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवासगृह होतं. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे मी एसी आणि बॉयलरचा टेक्निशियन होतो. एकाच पाइपातून उन्हाळ्यात गार पाणी फिरायचं आणि हिवाळ्यात गरम. प्रत्येक खोलीच्या छतात पंखा आणि नळ्यांची जाळी. पंखा त्या जाळीतून वारा खोलीत सोडायचा. दिवाळी झाली की मी चिलर बंद करून बॉयलर पेटवायचो.

हिवाळ्याचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. बॉयलरमधलं कढत पाणी तसंच सोडलं तर खोलीची भट्टी होते. म्हणून परत आलेलं कोमट पाणी त्यात मिसळायचं. आपण आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालतो, अगदी तसंच. विसण किती घालायचं हे बाहेरच्या हवेवर ठरतं. बाहेर वीस अंश असेल तर पस्तीस अंशाचं पाणी पुरतं, पाच असेल तर साठाचं लागतं. इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीवर, ऊन लागणार नाही अशा जागी, बोटाएवढा एक सेन्सर होता. तो बाहेरची थंडी मोजायचा, खालच्या खोलीतल्या कंट्रोलरला कळवायचा आणि कंट्रोलर तीन तोंडांचा वॉल्व्ह फिरवायचा. बाहेर जेवढी थंडी तेवढीच पाण्यात ऊब. कमी नाही, जास्तही नाही.

हे मला शिकवलं अबू नबील यांनी. ते आमचे इंजिनिअर, मूळचे पॅलेस्टाइनचे, तीस वर्षं कुवेतमध्ये राहिलेले. मी बॉयलर शिकलो तो मुंबईच्या एका डाइंग मिलमध्ये. तिथला नियम एकच, वाफ कमी पडता कामा नये. पहिल्याच हिवाळ्यात मी इथेही पाणी सत्तरावर नेऊन ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो. अबू नबील आले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "साळवी, ही माणसं शिजवायची नाहीत." मग त्यांनी बॉयलर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं आलेख काढला. आडवी रेघ बाहेरच्या थंडीची, उभी पाण्याची, मधून उतरती तिरकी रेघ. "ही रेघ पाठ कर. उद्या हा कंट्रोलरचा डबा बंद पडला तर तू डबा हो."

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी माझ्यापुरतं सांगतो. माझ्या ओळखीची निम्मी माणसं सप्टेंबरात बसनं बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला गेली. मंगफच्या वस्तीत माझ्या खोलीत राहणारे तिघे कोकणातलेच. ते बॅग भरून म्हणाले, "चल रे, इथे काय ठेवलंयस?" मी थांबलो. शूर होतो म्हणून नव्हे. माझा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकलेला, ऑफिसाला कुलूप आणि मालक लंडनला. शिवाय सिस्टर शांता.

सिस्टर शांता मिरजेच्या. मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या, पन्नाशीच्या, आवाज चढवायची कधी गरज न पडलेल्या. नर्सांपैकी त्या आणि दोन मल्याळी मुली एवढ्याच उरल्या होत्या. मी निघायचं बोललो तेव्हा त्या औषधं मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा की भाऊ. फक्त जायच्या आधी ते चिलर कसं चालवायचं तेवढं मला शिकवून जा." बाहेर अठ्ठेचाळीस अंश. आत चाळीसेक म्हातारी माणसं, ज्यांची मुलं सुट्टीला परदेशी गेली होती आणि तिकडेच अडकली. मी त्यांना चिलर शिकवायला सुरुवात केली, ते शिकवणं काही संपलं नाही.

अबू नबील ऑक्टोबरात कुटुंबाला घेऊन अम्मानला गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि जमिनीखालच्या डिझेलच्या टाकीत काठी घालून दाखवली. "एवढ्यात हिवाळा काढायचा. नवं येईल असं धरू नकोस." युद्धानंतर त्यांना परत येता आलं नाही. पॅलेस्टिनी नेत्यांनी इराकची बाजू घेतली, म्हणून त्यांच्या लोकांना त्या वेळी कुवेतचं दार बंद झालं होतं. मी अम्मानच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. तिसरं टाकायला हवं होतं.

डिसेंबरात इराकी सैनिकांनी आमच्या गच्चीवर तोफेचं ठाणं केलं. वर जाताना त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या वायरी उपटल्या, त्यात उत्तरेचा सेन्सरही गेला. सेन्सरची वायर तुटली की कंट्रोलरला वाटतं, बाहेर भयंकर थंडी पडली आहे. त्यानं वॉल्व्ह पूर्ण उघडला. मी त्या दिवशी गॅस सिलिंडरच्या शोधात सालमियाला गेलो होतो, तिथेच नाक्यावर दोन दिवस अडकलो. परत आलो तर म्हातारी माणसं घामाघूम, सिस्टर खिडक्या उघडून बसलेल्या आणि टाकीत काठी घातली तर आठवड्याचं डिझेल दोन दिवसांत जळालेलं.

मी कंट्रोलर बंद केला आणि वॉल्व्ह हातात घेतला. पण बाहेरची थंडी मोजणार कशानं? सिस्टरनी मोठ्या उत्साहानं ताप बघायचा थर्मामीटर काढून दिला.

"सिस्टर, हा पस्तिसाच्या खाली बघतच नाही."

"मग तुमचं कुवेत पस्तिसाच्या खाली आजारीच म्हणायचं," त्या म्हणाल्या. त्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

शेवटी स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधला तबकडीचा थर्मामीटर काढला. बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला, दीड अंश कमी दाखवत होता. तेवढा फरक धरून चाललो. दूध पावडरीच्या मोठ्या डब्याचा तळ कापला, भोकं पाडली, बाहेरून पांढरा रंग दिला आणि आत थर्मामीटर टांगून तो डबा उत्तरेच्या भिंतीला लावला. दिवसातून चार वेळा बघायचं, दारावरच्या रेघेशी ताडायचं, वॉल्व्ह तेवढा फिरवायचा. दुपारी सतरा-अठरा अंश झाले की पाणी अडतिसावर आणायचो. बर्नर तासाला पाचच मिनिटं पेटायचा. टाकीतली काठी आता सावकाश कोरडी होऊ लागली.

पण गिऱ्हाइकं खूश नव्हती. त्यातलं सगळ्यात कजाग गिऱ्हाईक म्हणजे बू सालेम. वय नव्वदीच्या आसपास. तरुणपणी स्वतःच्या गलबताचे नाखवा होते. बसऱ्याचा खजूर भरून मुंबईला न्यायचा, तिथून मलबारला जाऊन सागवान आणायचं, अशी चाळीस वर्षं काढलेली. हिंदी आमच्या भाऊच्या धक्क्यावरची. त्यांच्या पायातली ताकद गेली होती, जिभेतली नव्हती. पलंग खिडकीशी होता. मी खोलीत शिरलो की सुरू व्हायचे.

"ए बॉम्बेवाला! तुम पानी गरम करता है या बात करता है?"

"बाबा, बाहर सोला डिग्री है. उतनाच देगा जितना लगता है."

"किसको लगता है? मेरेको लगता है या तुम्हारा डब्बेको लगता है?"

सिस्टर त्यांच्या अंगावर जादा घोंगडी घालायच्या, ते हातानं भिरकावून द्यायचे. मी कंजूष असल्याचं त्यांनी सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. मलाही राग यायचा. डिझेल मी काय घरी नेणार होतो?

जानेवारीच्या मध्यावर विमानांचे हल्ले सुरू झाले. बॉम्ब लांब पडायचे, पण धक्क्यानं आमच्या पूर्व आणि उत्तर बाजूच्या काचा गेल्या. आम्ही प्लास्टिकचे कागद ठोकले. एका दुपारी बू सालेम बाहेर बघत होते. खजुराच्या झाडांच्या शेंड्यांकडे, समुद्राकडून आत येणाऱ्या पक्ष्यांकडे. मला म्हणाले, "शमाल आएगा. पानी बढ़ाओ." शमाल म्हणजे उत्तरेचा वारा.

मी डबा बघून आलो. चौदा अंश. वारा अगदी पडलेला. रेघेप्रमाणे पाणी चव्वेचाळीस. म्हटलं, म्हाताऱ्याचं रोजचंच आहे. ठेवलं चव्वेचाळीसवर आणि झोपायला गेलो.

पहाटे उठलो तो प्लास्टिकच्या फडफडाटानं. डब्यात आठ अंश होते. आठाला पंचावन्नचं पाणी लागतं, आणि वारा फाटक्या खिडक्यांतून आत घुसत होता त्याचा हिशोब तर रेघेत नव्हताच. रेघ काढली तेव्हा काचा होत्या. मी धावत जाऊन वॉल्व्ह उघडला, पण एवढी मोठी इमारत तापायला दोन-तीन तास जातात. वॉर्डात सिस्टर आणि त्या मुली एकेका पलंगावर दोन-दोन घोंगडी घालत होत्या. कोपऱ्यातल्या पलंगावर हाजी मुराद होते. अतिशय गरीब स्वभावाचे, कधी काही मागितलं नाही, कधी तक्रार केली नाही. त्यांचे हात मी हातात घेतले, ते लाकडासारखे गार होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जसं काही मीच आजारी होतो.

त्यांना छातीत कफ झाला. आठव्या दिवशी ते गेले.

सिस्टर मला म्हणाल्या, "साळवीभाऊ, त्यांची छाती नोव्हेंबरपासून भरलेली होती. तुमच्या वॉल्व्हनं कोणी गेलेलं नाही." त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. पण समजूत घालताना माणूस कुठे थांबतो हे मला आजही माहीत नाही. इतक्या वर्षांत मी शेकडो दुरुस्त्या केल्या, त्या आठवत नाहीत. तो चव्वेचाळीसचा आकडा आठवतो.

दोन दिवस मी बू सालेमच्या खोलीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावणं धाडलं. शिव्या खायच्या तयारीनं गेलो आणि पलंगापाशी उभा राहिलो.

"बैठो," ते म्हणाले. मी बसलो. ते खिडकीकडेच बघत बोलू लागले.

"मेरा भी एक खलासी गया था. मस्कत के आगे. बादबान, वो तुम्हारा शीड, उतारने का था, मैंने नहीं उतारा. मैं बोला, हवा ठीक है." मग माझ्याकडे वळले. "उसका माँ को मैं खुद बोलने को गया. उसके बाद हर दिन हवा देखा. तुम भी देखो."

"मेरेको हवा देखना नहीं आता, बाबा."

"मालूम है. तुम डब्बा देखो. हवा मैं देखेगा."

तेव्हापासून आमचा नेम ठरला. रोज संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आधी, मी डब्यातला आकडा सांगायचो आणि ते खिडकीतून वाऱ्याचा अंदाज द्यायचे. शमाल म्हणाले की मी रेघेच्या वर सहा अंश चढवायचो. दक्षिणेचा दमट वारा येणार म्हणाले की दोन-तीन अंश उतरवायचो. चुकायचेही कधी कधी, तेव्हा चूक समुद्राची असायची. पण चुकण्यापेक्षा बरोबर येणं पुष्कळ जास्त. आणि मजा अशी, की त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला थंडी वाजते असं एकदाही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत एक इराकी अधिकारी दोन सैनिकांसह आला. त्याला त्याच्या ट्रकांसाठी डिझेल हवं होतं. दुपारी दोनची वेळ, बाहेर एकोणीस अंश. मी त्यांना घेऊन बॉयलर रूममध्ये गेलो, सिस्टर मागोमाग आल्या. बॉयलरजवळ एक लहान टाकी असते, तीत मी रोजच्या गरजेपुरतंच डिझेल चढवायचो. ती तळाला आलेली. जमिनीखालची मोठी टाकी मागच्या अंगणात होती. तिच्या झाकणावर आम्ही आधीच मोडक्या पलंगांचा ढीग रचून ठेवला होता.

अधिकाऱ्यानं लहान टाकीवर बोटं वाजवली, पोकळ आवाज आला. मग वॉर्डाकडे जाणाऱ्या पाइपावर त्यानं तळहात ठेवला. पाणी छत्तीस अंशांवर होतं, म्हणजे माणसाच्या अंगाएवढं. हाताला गरम लागतच नाही.

"हे चालू आहे?" त्यानं विचारलं.

मी बोलायच्या आत सिस्टर अरबीत म्हणाल्या, "पाणी फिरतंय. म्हाताऱ्या माणसांना पंख्याचा आवाज लागतो, नाहीतर घाबरतात."

एक शब्दही खोटा नव्हता. पंख्याचा आवाज बंद झाला की ती माणसं खरंच घाबरायची.

अधिकारी पाइपाला हात लावून अजून क्षणभर उभा राहिला. तिशीचाच असेल, डोळे लाल, दाढी वाढलेली. "माझी आजी मोसुलला आहे," तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग सैनिकांना खूण केली आणि निघून गेला. त्याला पाइप खरंच गार वाटला, की त्यानं तसं वाटून घेतलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काहीही असो, मी त्याचेही आभार मानतो.

ती डिझेलची टाकी किती मोलाची होती ते पुढे कळलं. फेब्रुवारीच्या अखेरीस इराकी गेले, जाताना तेलाच्या विहिरी पेटवून गेले आणि शहराची वीजही गेली. आमच्याकडे जनरेटर होता, तोही डिझेलवरचा. लोक रस्त्यावर नाचत होते, हॉर्न वाजवत होते, आणि मी पंप चालू राहावा म्हणून जनरेटरचा फिल्टर साफ करत होतो. अहमदीच्या तेलविहिरींकडून वारा आला की धुराचा पडदा यायचा आणि भर दुपारी बारा वाजता दिवे लावायला लागायचे. मार्चमध्ये एरवी मी बॉयलर बंद करत आणायचो. त्या वर्षी दुपारी डब्यात नऊ अंश दिसले. मी दोनदा पुसून बघितलं. सूर्यच नव्हता, तर ऊब कुठून येणार? रेघेप्रमाणे चोपन्न अंशांचं पाणी सोडलं. आत कोणाला बाहेरच्या त्या काळ्या थंडीचा पत्ताही लागला नाही. डिसेंबरातल्या त्या दोन दिवसांसारखं जाळलं असतं, तर ती टाकी जानेवारीतच संपली असती. वीज यायला पुढे बरेच आठवडे लागले, तोवर काठीला तळाशी ओल लागत होती.

त्याच दिवसांत बू सालेम यांचा मुलगा खालिद कैरोहून परत आला. पन्नाशीचा, सरकारी खात्यातला मोठा माणूस. सात महिने त्याला वडील जिवंत आहेत की नाहीत हे माहीत नव्हतं. धुरानं तोंड काळं झालेलं, तसाच वॉर्डात शिरला आणि वडिलांच्या पायांवर डोकं ठेवून रडला. म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे बोट करून अरबीत काहीतरी लांबलचक सांगितलं. त्या भराभर बोलण्यातला मला 'हवा' एवढाच शब्द कळला. सिस्टर बाजूला तोंड करून डोळे पुसत होत्या. मी विचारलं, काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "म्हणतात, हा माणूस अडाणी आहे, पण सांगितलं की ऐकतो."

खालिद त्यांना घरी घेऊन गेला. महिनाभरानं एका शुक्रवारी मला न्यायला गाडी आली. मला वाटलं एसी बिघडला असणार, म्हणून हत्यारांची पेटी घेऊन निघालो आणि सवयीनं घराच्या मागच्या दाराकडे वळलो. कुवेतमध्ये आठ वर्षं होतो, पण कुठल्याही घरात मी पुढच्या दारानं गेलो नव्हतो. खालिद धावत आला, माझ्या हातातून पेटी काढून घेतली आणि मला पुढून आत नेलं. दिवाणखान्यात पुरुष मंडळी बसली होती. बू सालेम उशांना टेकून बसलेले. त्यांनी आपल्या उजव्या बाजूची गादी हातानं थोपटली. खालिदनं स्वतःच्या हातानं माझ्या पेल्यात चहा ओतला. मी काय बोललो ते आठवत नाही. चहा मात्र गोड होता.

त्या वर्षी नोव्हेंबरात, तिकडचे पावसाळी ढग यायच्या सुमारास, शेवटच्या विहिरी विझल्या तेव्हा, बू सालेम गेले. खालिदचा फोन आला. मी आणि सिस्टर टॅक्सी करून दफनभूमीवर गेलो. बायका आत जात नाहीत, म्हणून सिस्टर बाहेर थांबल्या. मी गर्दीच्या टोकाला, चपला हातात घेऊन उभा राहिलो. परधर्माचा माणूस, कुठवर जायचं ते ठाऊक नव्हतं. जनाजा समोरून आला. पुढचा डावा खांदा खालिदचा होता. त्यानं मला पाहिलं, क्षणभर थांबला, आणि आपल्या जागेवरून सरकून मला हातानं बोलावलं.

मी गेलो. खांदा लावला. म्हातारा हलका झाला होता, पण वाळूत पाय रुतत होते, म्हणून सावकाश चाललो.